पाठीवरचा पत्ता

मराठी भाषेला गोगलगाय ठाऊक आहे; गोगलगायी मात्र ठाऊक नाहीत. पनवेलसारख्या खाडीकाठच्या गावात हे विशेष जाणवते. इथल्या मासळी बाजारात कवचात राहणाऱ्या जीवांना वेगवेगळी नावे आहेत: तिसऱ्या, खुबे, कालवे. तिसऱ्या कशा निवडाव्यात, कालवे कशी फोडावीत, खुब्यातले मांस कसे सोडवावे, हे सांगणारी एखादी तरी जाणती बाई प्रत्येक आळीत सापडते. त्यांच्याच गणगोतातला जीव पाण्याबाहेर येऊन जमिनीवर राहू लागला, की सारी नावे गळून पडतात. मग तो तळहाताएवढा असो वा तांदळाच्या कणीएवढा, तो 'गोगलगाय'. भाषा ज्यांना ताटात वाढते त्यांना नावाने ओळखते. उरलेल्यांना घाऊक हाक मारते.

एका बाबतीत मात्र मराठीने प्राणिशास्त्राची बरोबरी केली आहे. 'गोगलगाय अन् पोटात पाय' ही म्हण आपण वरून गरीब आणि आतून पोहोचलेल्या माणसाविषयी वापरतो. शास्त्रात या प्राण्यांच्या वर्गाला 'गॅस्ट्रोपोडा' म्हणतात. ग्रीक भाषेत 'गॅस्टर' म्हणजे पोट आणि 'पोडोस' म्हणजे पायाचा. आपल्या पाठ्यपुस्तकांनी त्याचे 'उदरपाद' केले. म्हण करणाऱ्या अनाम मराठी माणसाने आणि वर्गनाम देणाऱ्या पंडितांनी एकच गोष्ट पाहिली होती: हा प्राणी पोटानेच चालतो. निरीक्षण इतके अचूक असूनही पुढची पायरी आपण चढलो नाही. पोटात पाय आहेत हे कळल्यावर, ही नेमकी कोणती, हा प्रश्न आपल्याला पडला नाही.

आम्हांलाही तो बरीच वर्षे पडला नव्हता. आम्ही म्हणजे जुन्या पनवेलमधल्या एका वडिलोपार्जित घरात राहणारी दोन माणसे. सोबतीला शहाऐंशी वर्षांच्या आत्या. हे गाव तळ्यांचे. कृष्णाळे, वडाळे, देवाळे, विश्राळे ही नावे आत्या एका दमात म्हणतात. घर साधेच आहे, पण मागल्या अंगाला चुन्यात बांधलेली एक जुनी भिंत आहे. तिच्या पायथ्याशी कुंड्या, फुटक्या कौलांचा ढीग आणि वर्षानुवर्षे न हललेला एक दगडी पाटा. भावंडांच्या संमतीने घर पुनर्विकासाला द्यायचे ठरले, कागदांवर आम्हीही सह्या केल्या, आणि भिंतीचे दिवस मोजके राहिले. माणूस घर सोडताना भांडीकुंडी मोजतो. आम्ही ती मोजता मोजता भिंतीपाशी थांबलो आणि वाटले, इथे राहणाऱ्यांची नोंद कुणी घेतली आहे काय? ज्यांची संमती कुणी मागितली नाही, त्यांची निदान गणती तरी व्हावी.

भिंतीत काय होते हे सांगण्याआधी ती भिंतच का, हे सांगायला हवे. गोगलगायीला शंख घडवण्यासाठी कॅल्शियम लागते. आपला सह्याद्री बेसाल्टचा. काळ्या दगडात कॅल्शियम असते खरे, पण कोकणातला धुवाधार पाऊस त्याची माती वर्षानुवर्षे धुऊन काढतो, आणि मागे राहते ती लाल, आम्लधर्मी, चुन्याला पारखी झालेली जमीन. अशा प्रदेशात माणसाने चुन्याची भिंत बांधली, की लहान शंखांच्या दृष्टीने ते सदावर्तच. रात्री पाऊस थांबल्यावर विजेरी घेऊन पाहिले, तर भिंतीच्या सांध्यांवर त्या बसलेल्या दिसतात. त्यांची जीभ म्हणजे बारीक दातांची कानस असते. तिने त्या चुना खरवडतात. सिमेंटच्या काळात पडीक ठरलेली आमची भिंत अशी कुणाची तरी शिधासामग्री होती.

आता ओळखीकडे वळू. लहान गोगलगाय ओळखण्यासाठी फार सामग्री लागत नाही. दहापट मोठे दाखवणारे भिंग, मिलिमीटरच्या रेघांचा कागद, मऊ कुंचला आणि पुष्कळ सवड एवढे पुरते. शंख धरण्याची रीत मात्र ठरलेली आहे: टोक वर, तोंड आपल्याकडे. तोंड आपल्या उजव्या हाताला आले तर शंख उजवा, डाव्या हाताला आले तर डावा. इथे एक गंमत आहे. देवघरात ज्याला आपण दक्षिणावर्ती, म्हणजे उजवा म्हणतो, तो दुर्मिळ शंख प्राणिशास्त्राच्या हिशेबाने डावा ठरतो. कारण आपण शंख धरतो तेव्हा त्याचे टोक खाली असते. बहुतेक गोगलगायी उजव्याच असतात. पण पावसाळ्यात कोकणात फिरणारी 'अरिओफँटा लेव्हिपेस' ही चांगली मोठी गोगलगाय डावखुरी आहे. तिला देवघरात जागा नाही, एवढाच फरक.

आमच्या भिंतीपाशी मिळाल्या त्या सगळ्या उजव्या, आणि इतक्या लहान की दोन बोटांत धरताना श्वास रोखावा लागे. पहिल्या पावसानंतर कुंड्यांच्या बुडाशी दोन प्रकारचे शंख सापडले. दोन्ही बारीक, लांबट, मनोऱ्यासारखे. नुसत्या डोळ्यांना ती एकच जात वाटावी. भिंगाखाली धरल्यावर मात्र दोघींची घराणी वेगळी झाली.

पहिलीचा शंख सात ते दहा मिलिमीटरचा, फिकट पिवळसर, चकचकीत, निमुळता होत टोकाला गेलेला. तोंडाची कड पातळ आणि साधी. हिचे नाव 'ॲलोपियास ग्रॅसिल'. दुसरीचा शंख जेमतेम सहा-सात मिलिमीटरचा, अधिक नळकांडी, काचेसारखा पारदर्शक. तिच्या तोंडाची कड जाड, आणि आत दातांसारखे तीन-चार उंचवटे. हे उंचवटे अन्न चावण्यासाठी नसतात. शंखाचे दार अरुंद करणारे ते अडसर होत. वाढ पुरी झाल्याशिवाय ही जाड कड येत नाही, म्हणून ओळखीसाठी प्रौढ शंखच पाहावा लागतो. जिवंत असताना तिचे डोके आणि शिंगे तांबूस केशरी दिसतात, बाकीचे अंग फिकट पिवळे. हा दुरंगीपणा पारदर्शक शंखातूनही उमटतो, आणि तेच तिचे नाव झाले आहे: 'हटोनेला बायकलर', म्हणजे हटनची दुरंगी.

हटन हे कॅप्टन थॉमस हटन. कंपनी सरकारच्या फौजेतला हा अधिकारी फावल्या वेळात शंख वेचत असे. १८३४ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याने भारतातल्या जमिनीवरच्या शंखांवर लेख लिहिला. आमच्या कुंडीखालच्या दोघींना शास्त्रीय नावे मिळाली ती त्या लिखाणात. एकोणिसाव्या शतकात एका माणसाने उत्तर हिंदुस्थानात दोन शंख शेजारी शेजारी मांडले, आणि आज पनवेलच्या एका कुंडीखाली त्या दोघी तशाच शेजारी शेजारी निघाल्या, याचे आम्हांला प्रथम कौतुक वाटले. मग त्यांच्या शेजारधर्माचे स्वरूप कळले. हटोनेला मांसाहारी आहे. ती दुसऱ्या लहान गोगलगायींच्या तोंडातून डोके आत घालते आणि घरमालकिणीला तिच्याच घरात खाते. ॲलोपियास हे तिचे नेहमीचे भक्ष्य. कुंडीखाली एवढे रिकामे शंख का पडले होते, याचा उलगडा त्यातून झाला.

आत्यांना हे सांगितले. त्या म्हणाल्या, "अरे, गाय म्हणायची आणि मांस खाते म्हणायचे, हे काय बोलणे झाले?" थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, "मग दुसरी पळून का जात नाही?" या प्रश्नाचे उत्तर गोगलगायीच्या गतीत आहे. तिथे पाठलाग करणारीही तितकीच संथ असते, आणि पळणारीने मागे सोडलेला ओला माग तिला वाट दाखवतो. 'पोटात पाय' ही म्हण आम्हांला त्या दिवशी नव्याने कळली.

इथवर ओळख पुरी झाली असे म्हणता आले असते. दोन नावे मिळाली, वर्ष मिळाले, नाव देणाराही मिळाला. पण शंखांच्या अभ्यासात नाव हा ओळखीचा अर्धाच भाग असतो. उरलेला अर्धा म्हणजे पत्ता. संग्रहालयातल्या शंखासोबत एक चिठ्ठी असते: कुठे मिळाला, केव्हा, कशावर, कुणाला. ती हरवली तर शंख सुंदर राहतो, पण मुका होतो. म्हणून आम्ही या दोघींचे पत्ते शोधू लागलो, आणि तिथे वेगळेच काही निघाले. दोघींनाही नेमका असा पत्ताच नाही. ॲलोपियास जगभरच्या उष्ण प्रदेशांत सापडते. तिचे मूळ घर आशियात की अमेरिकेत, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. हटोनेला मूळची आपल्या बाजूची, पण तीही उष्ण कटिबंधातल्या अनेक देशांत जाऊन राहिली आहे. कुंडीतली माती आणि रोपांच्या मुळांशी चिकटलेली अंडी हीच त्यांची गलबते. माणूस जिथे बाग करतो तिथे त्या आधीच पोहोचलेल्या असतात.

हा प्रवास नेहमी असा निरुपद्रवी नसतो. भारतातल्या कितीतरी गोगलगायींना नावे देणाऱ्या विल्यम बेन्सननेच १८४७ साली मॉरिशसहून आफ्रिकी गोगलगाय आणून कलकत्त्याच्या चौरंगीतल्या बागेत सोडली. तिची संतती पुढे देशभर पसरली. २०२२ साली लातूर, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांची सोयाबीनची कोवळी रोपे तिने खाल्ली आणि अनेकांवर दुबार पेरणीची पाळी आली. तेव्हा वर्तमानपत्रांतून 'शंखी गोगलगाय' हे नाव घरोघर पोहोचले. ताटात येणाऱ्याला नाव मिळते हे वर म्हटलेच आहे. आपले ताट ओढून नेणाऱ्यालाही मिळते.

या भटक्यांच्या अगदी उलट टोकाला असतात त्या घर न सोडणाऱ्या. भारतात जमिनीवरच्या गोगलगायींच्या अकराशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. पश्चिम घाटात सुमारे पावणेतीनशे, आणि त्यांतल्या जवळजवळ तीन चतुर्थांश जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. एखादीचे सारे जग म्हणजे एक डोंगर, कधी एक कडा. मोहरीच्या दाण्याएवढी 'ओपिस्थोस्टोमा' पाहा. तिचा शंख नीट वळत वळत येतो आणि अखेरच्या वेढ्याला वाकडी वाट धरून मागे, स्वतःच्याच टोकाकडे तोंड करून बसतो. १८६० साली विल्यम आणि हेन्री या ब्लॅनफर्ड बंधूंनी हे कुळ प्रथम नोंदले. पुढे त्याच दशकात विल्यमने त्यातली एक नवी जात मुंबईच्या शेजारच्या मुलखातून वर्णिली आणि तिला 'फेअरबँकी' हे नाव दिले. सॅम्युअल फेअरबँक हे अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री. अहमदनगर जिल्ह्यात त्यांची हयात गेली. शंख आणि पक्षी हे त्यांचे दोन छंद.

ब्लॅनफर्ड बंधूंपैकी हेन्रीचे नाव वाचून आम्ही थोडे थबकलो. १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले, त्याचा पहिला प्रमुख तो हाच. ज्याने मोहरीएवढ्या शंखाचे वेढे मोजले, त्यानेच पुढे साऱ्या देशाचा मोसमी पाऊस मोजायला घेतला. या दोन कामांत अंतर आहे असे आम्हांला आता वाटत नाही. गोगलगाय म्हणजे चालताबोलता पर्जन्यमापकच. पाऊस ओसरला की ती शंखाच्या तोंडावर पातळ पडदा ओढून महिनोन् महिने निजते, आणि पहिल्या सरीने उठते.

घर न सोडणारी एखादी आपल्या आसपास दिसावी, या इच्छेने आम्ही भर पावसात कर्नाळ्याला गेलो. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले, की थोड्याच वेळात किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसतो. १९६८ साली घोषित झालेले हे अभयारण्य आज सुमारे बारा चौरस किलोमीटरचे आहे. माणसे तिथे मान वर करून पक्षी पाहतात. आम्ही मान खाली घालून चाललो होतो, त्यामुळे कुणी काही हरवले का असेही विचारले. वाटेच्या कडेला एका ओल्या, शेवाळलेल्या दगडावर ती होती. तीनेक मिलिमीटरची, गोलसर, तपकिरी.

भिंग डोळ्याला लावले आणि पहिली गोष्ट दिसली ती शिंगे. दोनच. आमच्या कुंडीतल्यांना चार असतात आणि डोळे वरच्या जोडीच्या टोकांवर. हिचे डोळे शिंगांच्या बुडाशी होते. दगडाला किंचित धक्का लागताच तिने अंग आत घेतले आणि मागून एक गोल झाकण तोंडावर घट्ट बसवले. ही खूण पक्की. झाकणवाल्या गोगलगायींचे घराणे निराळे. पाण्यातून जमिनीवर येण्याचा प्रवास त्यांनी स्वतंत्रपणे केला. येताना समुद्री शंखांचे झाकण सोबत आणले. त्यांच्यात नर वेगळा, मादी वेगळी. कुंडीतल्यांसारखे एकाच देहात दोन्ही नव्हे. म्हणजे शंखाने सारख्या दिसणाऱ्या या दोन गोगलगायी नात्याने एकमेकींपासून फार दूरच्या.

झाकणापर्यंत ओळख पोहोचली, कुळापर्यंतही पोहोचली, आणि तिथे थांबली. जात ठरवायची तर तिला उचलून न्यावे लागते. झाकणाचे वेढे, शंखावरची नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. पुष्कळदा अंतर्गत रचना उघडावी लागते, म्हणजे तिला मारावे लागते. अभयारण्यातून काहीही उचलायला कायद्याने बंदी आहे, आणि बंदी नसती तरी आमच्या कुतूहलाची किंमत तिने का द्यावी? परवानगी घेऊन, वर्षानुवर्षे खपून हे काम करणारे अभ्यासक आहेत. २०२१ साली आंबोलीहून 'वराडिया अंबोलिएन्सिस' ही नवी जात, किंबहुना नवे कुळच, जगापुढे आले. सरपटणाऱ्या प्राण्यांचे अभ्यासक वरद गिरी यांच्यावरून ते नाव ठेवले आहे. शंख अंगापेक्षा लहान असलेला हा प्राणी एकविसाव्या शतकापर्यंत आपल्या डोंगरात बिननावाने राहत होता.

घरी परतल्यावर आम्ही तीन चिठ्ठ्या मांडल्या आणि त्यांचा अर्थ हळूहळू ध्यानात आला. ज्या दोघींची नावे आम्ही पुरेपूर लिहू शकलो, त्या ओळखता आल्या कारण त्या कुठेही असतात. हवाई बेटांपासून आफ्रिकेपर्यंत त्यांना पाहिलेल्या माणसांनी त्यांचे वर्णन करून ठेवले आहे. आणि जी बहुधा याच डोंगररांगांची आहे, तिच्या चिठ्ठीवर नावाची जागा अर्धी कोरी राहिली. पत्ता मात्र तिचाच सर्वांत नेमका: कर्नाळा, वाटेचा दगड, उत्तरेकडची ओली बाजू. एकींना नाव आहे, पत्ता नाही. दुसरीला पत्ता आहे, नाव नाही. माणसांच्या दुनियेत आम्ही हे पाहिलेले आहे. जो सर्वत्र जातो त्याला ओळखणारे पुष्कळ. जो एकाच जागी पिढ्यान् पिढ्या राहिला, त्याची ओळख त्या जागेवर टेकलेली असते.

म्हणून जागा गेली की काय जाते, हा प्रश्न आमच्यापुरता अवघड होऊन बसला. पनवेलला तो नवा नाही. विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंग लावून कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, दहा गावांना उठावे लागले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरपासून तिथून विमाने उडू लागली. त्यांतून आमचेही आप्त ये-जा करतील. रुसून बसण्याचा अधिकार आम्हांला नाही. उठलेल्या माणसांसाठी पुनर्वसनाचे करार झाले, त्यांवर भांडणे झाली, मोर्चे निघाले. माणसाला निदान भांडता येते. खडकाच्या ओल्या बाजूला राहणाऱ्या जीवाचे पुनर्वसन करता येत नाही. त्याला हवा तो ओलावा, तो चुना, ती सावली मिळून जी जागा होते, ती दुसरीकडे नेऊन बसवता येत नाही. टेकडी कापल्यावर भटक्या गोगलगायी नव्या बागांच्या कुंड्यांतून परत येतील. टेकडीपुरत्याच ज्या असतील, त्या परत येणार नाहीत, आणि नाव नसल्याने त्या गेल्या हेही कुणाला कळणार नाही. नाव देण्याचे मोल इथे आहे. ज्याला नाव असते त्याच्याच मागे 'नाही' हा शब्द लावता येतो.

भिंतीतल्या दोघींची आम्हांला तशी चिंता नाही. आत्यांनी तुळशीची कुंडी नव्या जागी न्यायची ठरवली आहे. त्या कुंडीसोबत त्याही येतील, न सांगता, न विचारता, आणि तिथेही एक दुसरीला खाईल. रिकामे शंख तेवढे आम्ही वेचून दोन काचेच्या लहान नळ्यांत भरले आणि आत चिठ्ठ्या घातल्या: पनवेल, जुने घर, चुन्याची भिंत, पायथा, आषाढ. भिंत नसलेल्या जागेचा तो पत्ता यापुढे फक्त त्या चिठ्ठ्यांवर राहील.

तिसरी नळी रिकामी आहे. तिच्यातही चिठ्ठी घातली आहे. नावाच्या ओळीवर शिसपेन्सिलीने 'झाकणवाली' एवढेच लिहिले आहे. कुणी जाणकार पुढे पुरे करील म्हणून. मात्र पत्ता शाईने लिहिला आहे.